मुसाफिर म्हणजे पाहुणा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तुर्कस्तानची सहल' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. चार शब्दांत माझं भागत नाही, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. मंडळात मला माझ्यामागे 'मुलूखमैदान' म्हणतात, हेही माझ्या कानावर आलं आहे. मी रागावलेली नाही. उलट त्या नावापासूनच सुरुवात करते. विजापूरच्या बुरुजावरची ती प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. ती ओतवून घेणारा महंमद रूमी हा तुर्क होता. रूमी म्हणजे रूम देशचा, आणि आज जे तुर्कस्तान, त्याला त्या काळी रूम म्हणत. 'तोफ' हा शब्दही तिकडचाच. इस्तंबूलमधल्या सुलतानांच्या जुन्या राजवाड्याचं नाव तोपकापी, आणि त्याचा अर्थ 'तोफदरवाजा'. तेव्हा आपली आणि त्या देशाची ओळख आजची नाही.

हा विषय ठरला तेव्हा एका भगिनींनी मला स्पष्टच विचारलं, "सध्याच्या दिवसांत त्या देशाचं कौतुक कशाला?" त्यांचं विचारणं रास्त होतं. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी तिथल्या सरकारनं पाकिस्तानची बाजू घेतली, आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी तिकडच्या ठरलेल्या सहली रद्द केल्या. जावं की न जावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी गेले ती त्याआधी, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, माझ्या भाचीबरोबर. सरकारचं काय ते सरकार जाणे. मी आज बोलणार आहे ती तिथल्या एका बाईबद्दल. त्या बाईशी मी फार वाईट वागले, आणि त्याची कबुली कुठंतरी चारचौघींत द्यावी, असं केव्हापासून मनात होतं.

पण आधी सहलीविषयी सांगते, नाहीतर चिटणीसबाई म्हणतील विषय सोडला.

इस्तंबूल हे एकच शहर दोन खंडांत वसलेलं आहे. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी. अलीकडे युरोप, पलीकडे आशिया. एमिनोनूच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की वीसएक मिनिटांत उस्कुदारला, म्हणजे आपल्या आशियात उतरावं. लोक हातात तीळ लावलेलं कडं घेऊन बसतात. त्या पावाच्या कड्याला सिमित म्हणतात. अर्धं स्वतः खातात, अर्धं मागं उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांना टाकतात. पेल्यातून चहा येतो, कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यातून, बिनदुधाचा. पहिल्या दिवशी मला तो काढ्यासारखा लागला. चौथ्या दिवशी त्यावाचून करमेना.

पाहण्यासारखं तर पावलोपावली. अयासोफियाचं मंदिर ५३७ साली पुरं झालं. आधी चर्च, १४५३ पासून मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद, असा त्याचा प्रवास. परदेशी प्रवाशांना २०२४ पासून तिकीट काढून वरच्या सज्ज्यात जावं लागतं. तिथून तो प्रचंड घुमट पाहिला की मान दुखते, पण खाली घालवत नाही. समोरच निळी मशीद, सहा मिनारांची. आत भिंतीभर निळ्या नक्षीच्या फरशा. बायकांनी डोकं झाकून जायचं असतं. माझी ओढणी होतीच. जवळच जमिनीखाली सहाव्या शतकातलं पाण्याचं टाकं आहे. टाकं म्हणजे आपलं गच्चीवरचं नव्हे. ३३६ दगडी खांबांवर तोललेलं. दोन खांबांच्या बुडाशी ग्रीक कथेतल्या मेदुसेचं, केसांऐवजी नाग असलेलं मुंडकं आहे, एक उलटं नि एक आडवं. हंडाभर पाण्यासाठी आपण किती भांडलो, ते मला तिथं आठवलं.

निळ्या मशिदीपुढच्या चौकात सगळे फोटो काढतात. आम्हीही काढले. पण तिथं एक गोष्ट मुद्दाम आठवावी. १९१९ च्या मे महिन्यात इझमीर शहर परक्या फौजेनं घेतलं, तेव्हा याच चौकात जमलेल्या अफाट जनसमुदायापुढं एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं नाव हालिदे एदिब. त्या मोठ्या लेखिका होत्या. पुढं १९३५ साली त्या आपल्या देशात आल्या, दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांनी व्याख्यानं दिली, महात्माजींना भेटल्या, आणि त्या प्रवासावर 'इनसाइड इंडिया' हे पुस्तक लिहिलं. तुर्की स्त्रियांना नगरपालिकेसाठी १९३० साली आणि राष्ट्रीय निवडणुकीसाठी १९३४ साली मताचा हक्क मिळाला. फ्रान्समधल्या बायकांना त्यासाठी १९४४ पर्यंत थांबावं लागलं. ही माहिती आपल्या मंडळाच्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

आता शाकाहाराचा प्रश्न, कारण जिना उतरता उतरताच मला तिघींनी तो विचारला. अजिबात उपाशी राहावं लागत नाही. मसुरीच्या डाळीचं लिंबू पिळलेलं सूप गल्लोगल्ली मिळतं. वांग्याचे तर इतके प्रकार की आपलं भरलं वांगं लाजेल. 'इमाम बायिल्दी' नावाचं एक भरलं वांगं आहे. नावाचा अर्थ 'इमामसाहेबांना घेरी आली'! द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या सुरळ्या, पातळ पोळीत पालक-चीज घालून भाजलेलं गोझलेमे आणि जेवणावर आयरान, म्हणजे आपलं खारं ताकच. एक खबरदारी मात्र घ्यावी. सूप किंवा भात पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून आधी 'एत्सिझ?' असं विचारावं. एत्सिझ म्हणजे बिनमांसाचं.

आणि भगिनींनो, शब्दांची गंमत काय सांगू! साबणाला ते साबून म्हणतात, साखरेला शेकेर, तव्याला तावा, हवेला हावा, दुकानाला द्युक्कान. हॉटेलात जेवण झालं की बिल मागायला म्हणायचं 'हेसाप'. म्हणजे आपला हिशेबच. दृष्ट लागू नये म्हणून दारात निळा मणी टांगतात, त्याला म्हणतात नजर. पहिल्या दोन दिवसांतच मला वाटायला लागलं की आपल्याला तुर्की येते. हे वाटणंच पुढं मला भोवलं. कारण काही शब्द वेश तोच ठेवतात आणि अर्थ बदलतात. आपली इमारत म्हणजे बांधकाम. जुन्या तुर्कीत 'इमारेत' म्हणजे अन्नछत्र. हे मला ठाऊक झालं होतं, तरी सावध झाले नाही.

दुसरी गोष्ट अशी घडली की, चौथ्या दिवशी माझी फसगत झाली. रस्त्यानं जाताना बूटपॉलिशवाल्याचा ब्रश त्याच्या पेटीतून खाली पडला. मी हाक मारून तो उचलून दिला. त्यानं अगदी छातीवर हात ठेवून आभार मानले आणि उपकाराची फेड म्हणून माझे बूट पुसायला बसला. बूट भाचीनं घेऊन दिलेले, कापडी! कापडी बुटांना पॉलिश करून झाल्यावर त्यानं जी रक्कम मागितली, तेवढ्यात आपल्याकडे नवे बूट आले असते. मागून कळलं की ब्रश पाडायची ही जुनी युक्ती आहे. जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात असे लोक असतात, आपल्या मुंबईतही आहेत. पण त्या दिवसापासून मी मनाशी गाठ बांधली की इथं कुणीही काहीही दिलं, तरी त्याची किंमत असते. मोठ्या बाजारात तर ते खरंच वाटलं. पंधराव्या शतकापासूनचा तो बाजार, चारएक हजार दुकानं, आणि सतरंजीवाला आधी चहा पाजतो, मग सतरंजी उलगडतो. मी चहा पिईना. भाची म्हणाली, "मावशी, चहा आहे, विष नाही." मी म्हटलं, "तुला काय कळतंय!"

तिथून वेगवान रेल्वेनं आम्ही कोन्याला गेलो. तिथं हिरव्या घुमटाखाली मेव्लाना जलालुद्दीन रूमींची समाधी आहे. हे पुन्हा 'रूमी', म्हणजे रूम देशचे. १२७३ साली त्यांनी देह ठेवला. समाधीचं आता संग्रहालय आहे, तरी लोक दाराशी हात जोडल्यासारखे उभे राहतात. कोन्याहून पूर्वेला जाताना वाटेत १२२९ सालची एक भव्य सराई लागते, सुलतान हानी. उंटांचे तांडे रात्री तिथं उतरत. वाटाड्यानं सांगितलं की अशा सरायांतून वाटसरूला, तो कुठल्याही धर्माचा असो, तीन दिवस खाणंपिणं नि आसरा फुकट मिळे. मी त्या दगडी दरवाज्याच्या नक्षीचे दहा फोटो काढले. सांगितलेलं मात्र या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं.

मग आला कापादोकियाचा मुलूख. तिथला देखावा शब्दांनी सांगणं कठीण. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. वाऱ्यापावसानं त्याचे सुळके झाले आहेत, पुष्कळांच्या डोक्यावर काळ्या दगडाची टोपी. त्या सुळक्यांत माणसांनी घरं कोरली, चर्चं कोरली, भिंतींवर चित्रं काढली. आपले वेरूळ-अजिंठ्याचे कारागीर कठीण काळ्या दगडाशी झुंजले. इथला दगड मऊ, पण माणसाचा ध्यास तोच. देरिनकुयू नावाचं गाव तर जमिनीखाली मजल्यांवर मजले कोरलेलं आहे. संकटकाळी माणसं तिथं दडून राहत. मी दोन मजले उतरले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. पहाटे आकाशात रंगीत फुगे चढतात. भाची बसली, मी खालूनच हात हलवला.

त्याच दिवशी दुपारी गोरेमेजवळच्या एका खेड्यात भाची दरीत फोटो काढायला उतरली. मी एका कुंपणाच्या भिंतीवर टेकून बसले. इतक्यात कणीक भाजल्याचा वास आला. काय सांगू, आठ दिवसांनी तो वास आला आणि माझा जीव एकदम घरी गेला! डोकावून पाहिलं तर अंगणात पाच बायका बसलेल्या. दोघी लाटताहेत, एक भाजते आहे, एक घड्या घालते आहे, एक तान्ह्याला मांडीवर घेऊन नुसती गप्पा मारते आहे. लाटणं बोटाएवढं बारीक आणि हातभर लांब. भाजायला उलटा घातलेला लोखंडी तवा. आपण मांडे करायला खापर उपडं घालतो ना, तसा. पोळी मांड्यासारखीच पातळ. हिवाळ्याची बेगमी चालली होती. शेजारणींनी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे मिळून करायचं. आपलं पापड-कुरडयांचं काम जसं.

त्यातल्या वडीलधाऱ्या बाईनं मला पाहिलं आणि हातानं 'ये, ये' केलं. मी आत गेले. एका मुलीनं माझ्या तळहातावर लिंबाच्या वासाचं काहीतरी ओतलं. मला वाटलं, हात निर्जंतुक करायला लावताहेत. ते होतं त्यांचं कोलोन्या. आपण अत्तरगुलाब देतो, तसलं. मला काय ठाऊक! मग उशी आली, चहा आला, गरम पोळीत चीज घालून दिली. मी म्हटलं, "पनीर?" त्या म्हणाल्या, "पेयनीर!" आणि सगळ्या हसल्या. मी लाटणं मागितलं. पहिली पोळी नकाशासारखी झाली, दुसरी बरी आली. वडीलधाऱ्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली.

एवढं सगळं होत असताना, भगिनींनो, घास माझ्या तोंडात होता आणि हिशेब माझ्या डोक्यात होता. आता या किती मागणार? शंभर? दोनशे? भाचीची हाक आली तशी मी उठले, आणि मागायच्या आधी आपणच द्यावं म्हणून शंभर लिरांची नोट त्या बाईच्या हातावर ठेवली.

तिनं ती परत केली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "योक, योक. मिसाफिर!" योक म्हणजे नाही, एवढं मला ठाऊक होतं. आणि मिसाफिर म्हणजे मुसाफिर, हे सांगायला कोण पाहिजे! मी मनात म्हटलं, पाहा, ही म्हणते, तू परदेशी प्रवासी आहेस, तुला एवढ्यात परवडायचं नाही. मी दुसरी नोट काढून पहिलीवर ठेवली.

त्या बाईचा चेहरा उतरला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मुकाट झाली. लाटणारीचा हात थांबला. दोन्ही नोटा तिनं माझ्या पिशवीच्या कप्प्यात घातल्या आणि वर गरम पोळीची एक घडी कागदात बांधून दिली. मी बाहेर पडले. काहीतरी चुकलं एवढं कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं.

रात्री आमच्या मुक्कामी कारभार पाहणाऱ्या मुलीला मी ही हकीकत सांगितली. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "मिसाफिर म्हणजे प्रवासी नव्हे. मिसाफिर म्हणजे पाहुणा."

शब्द तोच हो! अरबस्तानातून निघालेला एकच शब्द आपल्याकडे आला तो वाटसरू होऊन, आणि त्यांच्याकडे गेला तो पाहुणा होऊन. दाराशी आलेला वाटसरू तोच पाहुणा, एवढाच काय तो मधला प्रवास. न सांगता आलेल्या पाहुण्याला तर ते 'देवाचा पाहुणा' म्हणतात. आपण अतिथीला देव म्हणतो आणि ते देवाचा पाहुणा म्हणतात. फार अंतर आहे का? ती बाई मला सांगत होती, "अगं, तू पाहुणी आहेस." आणि मी तिच्या पाहुणचाराचा भाव वाढवून देत होते! कुणी आपल्या हळदीकुंकवाला यावं आणि जाताना ताटात नोट टाकावी, तर आपल्याला कसं वाटेल? वर आपण 'अहो, नको' म्हटलं की तिनं आणखी एक टाकावी!

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला राग आला होता तो बूटपॉलिशवाल्याचा नव्हे. त्यानं माझे थोडे पैसे नेले. पण त्या चार पैशांपायी मी माझी माणूस ओळखायची नजर गमावून बसले होते, आणि ती गमावली होती माझी मीच.

सकाळी दहाला आमची गाडी होती. मी सहालाच उठले. निघताना ओटीचा एक खण बॅगेत टाकलेला होता, आणि डब्यात बेसनाचे सात लाडू उरले होते. दोन्ही घेऊन भाचीला म्हटलं, "चल." भाचीनं एक शब्द विचारला नाही. वाटेत तिनं कारभारणीकडून शिकलेला एक शब्द मला घोकायला लावला: 'तेयझे'. तेयझे म्हणजे मावशी, आईची बहीण. अनोळखी वडील बाईला तिकडे तसंच म्हणतात, आपल्यासारखंच.

ती अंगणातच होती. मी म्हटलं, "तेयझे," आणि पुढचं मला काही येईना. मराठीतच बोलले, "माझं चुकलं हो. मला शब्द कळला नाही." खण तिच्या हातावर ठेवला, डबा पुढं केला. तिनं खण उलगडला, काठावरून बोट फिरवलं आणि खांद्यावर घेऊन पाहिला. लाडू तोंडात घालून म्हणाली, "शेकेर!" मग तिनं मला असं काही जवळ घेतलं, की तिथं भाषेचं काम उरलं नाही.

कॉफी झाल्याशिवाय तिनं सोडलं नाही. एका पेल्या कॉफीची खातर चाळीस वर्षं राहते, अशी त्यांच्यात म्हण आहे. 'खातर' शब्दसुद्धा तोच, ते 'हातिर' म्हणतात. निघताना मी डबा मागितला तर तो जड लागला. उघडून पाहिलं तर काठोकाठ बेदाणे, तिच्याच वेलींचे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तिकडेही आहे. आम्ही फाटकाबाहेर पडलो तशी मागं पाण्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर तिनं तांब्याभर पाणी आमच्या वाटेवर ओतलं होतं. पाण्यासारखं सुखरूप वाहत जा आणि पाण्यासारखं परत ये, असा त्याचा अर्थ असतो. आपण निघताना हातावर दही देतो ना, तसंच ते.

भगिनींनो, त्या सहलीतल्या इमारतींची मापं मी विसरेन. ते रिकामं झालेलं अंगण आणि उतरलेला चेहरा मला विसरता येत नाही, आणि विसरूही नये. परगावी जाताना पैसे जपावेत, पासपोर्ट जपावा, हे सगळे सांगतात. कुणी प्रेमानं दिलं तर ते घेता यावं, हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आणि एक. आपल्या आळीत आता परमुलखातली पुष्कळ मुलं-मुली नोकरीसाठी खोल्या घेऊन राहतात. त्यांची भाषा आपल्याला येत नाही, त्यांना आपली येत नाही. आपण त्यांना 'भाडेकरू' म्हणतो. गेल्या दिवाळीत मी समोरच्या खोलीतल्या दोघींना फराळाचं ताट दिलं. ताट परत आलं ते रिकामं आलं नाही. त्यात होते त्यांच्या आईनं पाठवलेले तांदळाच्या पिठाचे लाडू, आणि ते माझ्या लाडवांपेक्षा चांगले झाले होते, हेही कबूल करते.

मुलूखमैदान तोफ आता थंड करते. अध्यक्षीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं आहे.